बर्नमधला टॅप केलेला फोन: रेने द्युबुआ प्रकरण, १९५७

२३ मार्च १९५७, शनिवार. स्वित्झर्लंडचे संघीय महाअभियोक्ता रेने द्युबुआ यांनी राजधानी बर्नमध्ये गोळी झाडून घेतली. या पदावर येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती. परक्या देशांचे हेर शोधायचे आणि त्यांच्यावर खटले भरायचे ही त्यांची नोकरी. संशय आला तो मात्र त्यांच्यावरच: बर्नमधल्या इजिप्तच्या वकिलातीचे फोन स्विस पोलिस ऐकत होते आणि त्यांतला मजकूर फ्रान्सच्या हेरखात्याकडे जात होता.

त्या वेळी फ्रान्स अल्जीरियात लढत होता. स्वित्झर्लंड त्या युद्धात कुठेच नव्हता. त्याचं सैन्य तिथे नव्हतं, त्याची वसाहत नव्हती, आणि तटस्थता हा तर त्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा पाया. तरीही एका बाजूला रोजच्या रोज माहिती मिळत राहील अशी सोय त्याच्याच पोलिस कचेरीत झाली होती. हे कसं घडलं हे नीट पाहिलं, तर वसाहतींच्या स्वातंत्र्ययुद्धांत युरोपातल्या देशांची हेरखाती एकमेकांना कशी सामील झाली याची बरीच उकल होते. आपल्याकडे अल्जीरिया म्हटलं की अल्जीयर्सच्या गल्ल्या, बॉम्ब आणि छळछावण्या आठवतात. युरोपातल्या कचेऱ्यांत लढलं गेलेलं युद्ध मराठीत फारसं कुणी सांगितलेलं नाही.

ज्याला युद्ध म्हणायचंच नव्हतं

१ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, म्हणजे एफएलएनने, अल्जीरियात ठिकठिकाणी हल्ले करून लढ्याला तोंड फोडलं. फ्रान्सच्या लेखी अल्जीरिया ही वसाहत नव्हती, खुद्द फ्रान्सचेच ते जिल्हे होते. त्यामुळे तिथे जे चाललं होतं ते कागदोपत्री युद्ध ठरत नव्हतं, कायदा-सुव्यवस्था राखण्याची मोहीम ठरत होतं. फ्रेंच संसदेने त्याला कायद्यात अधिकृतपणे ‘युद्ध’ म्हटलं ते थेट १९९९ मध्ये.

या नावाच्या खेळाने फ्रान्सचीच एक मोठी अडचण झाली होती आणि ती समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. युद्ध जाहीर असतं तर फ्रान्सला शेजाऱ्यांना सांगता आलं असतं की तटस्थ राष्ट्र म्हणून तुमच्यावर अमुक बंधनं आहेत, शस्त्रांची वाहतूक थांबवा, समुद्रात आम्ही जहाजं तपासू. युद्धच नाही म्हटल्यावर यातलं काहीही हक्काने मागता येत नव्हतं. हँबुर्गमधला व्यापारी कायदेशीर परवाने दाखवून बंदुका विकत असेल, किंवा जिनिव्हातल्या हॉटेलात अल्जीरियन नेते बैठक घेत असतील, तर राजदूतामार्फत तक्रार करण्यापलीकडे पॅरिसच्या हातात फार काही नव्हतं. राजनैतिक मार्गाने जे मागता येत नव्हतं ते मग हेरखात्यांच्या ओळखीपाळखीतून मागितलं जाऊ लागलं.

एफएलएनचं बळ तीन गोष्टींवर उभं होतं: शस्त्रं, पैसा आणि माणसांची ये-जा. फ्रान्समध्ये तीन लाखांहून जास्त अल्जीरियन कामगार होते. त्यांच्याकडून दर महिन्याला वर्गणी गोळा होई आणि ती रोख रक्कम सीमेपलीकडे जाई. शस्त्रं जर्मनी, पूर्व युरोप आणि इजिप्तकडून यायची. आघाडीच्या देशाबाहेर राहणाऱ्या नेत्यांचा तळ इजिप्तची राजधानी कैरोत होता, आणि कैरो रेडिओवरून अरबी जगाला रोज अल्जीरियाची हाक ऐकू येत होती. साहजिकच, इजिप्तची युरोपातली कुठलीही वकिलात फ्रेंचांच्या नजरेत वकिलातीपेक्षा कितीतरी मोठी ठरत होती.

ऑक्टोबर १९५६ मध्ये हे सगळं टोकाला गेलं. १६ तारखेला फ्रेंच नौदलाने ‘आथोस’ नावाचं जहाज पकडलं. ते अलेक्झांड्रियात शस्त्रं भरून अल्जीरियातल्या बंडखोरांकडे निघालं होतं. २२ तारखेला मोरोक्कोहून ट्युनिसला निघालेलं विमान फ्रेंचांनी अल्जीयर्सला उतरवायला लावलं आणि त्यातल्या अहमद बेन बेला, मोहम्मद बुदियाफ, होसीन आइत अहमद आणि मोहम्मद खिदर यांना अटक केली. त्यानंतर आठवडाभरातच सुएझची लढाई सुरू झाली. इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर तुटून पडले. फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले समाजवादी पक्षाचे. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांना हरवलं की अल्जीरियातलं बंड आपोआप विझेल, अशी त्यांच्या सरकारची पक्की समजूत होती.

तीन माणसं

आता बर्नकडे वळू. स्वित्झर्लंडचा संघीय महाअभियोक्ता नुसता सरकारी वकील नव्हता. संघीय पोलिस, म्हणजे राजकीय हालचालींवर नजर ठेवणारं पोलिस खातं, त्याच्याच हाताखाली होतं. पाळत कुणावर ठेवायची हे ठरवणारा आणि मिळालेल्या पुराव्यावर खटला भरायचा की नाही हे ठरवणारा माणूस एकच. फोनची यंत्रणा सरकारी टपाल-तार खात्याची होती, त्यामुळे वरून हुकूम आला की एखादी लाइन ऐकणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं.

या खुर्चीवर १९५५ मध्ये द्युबुआ आले. ते फ्रेंच भाषक स्विस आणि सोशल डेमोक्रॅट. डाव्या पक्षाचा माणूस या पदावर बसणं ही स्वित्झर्लंडमध्ये नवलाची गोष्ट होती, कारण तोवर याच खात्याची मुख्य नजर डाव्यांवर असायची. त्यांच्या हाताखाली माक्स उलरिख नावाचा पोलिस निरीक्षक होता. आणि फ्रेंच वकिलातीत मार्सेल मेर्सिए होते. वकिलातीच्या यादीत त्यांचं नाव व्यापार विभागात होतं, प्रत्यक्षात ते एसडीईसीई या फ्रेंच परदेशी हेरखात्याचे अधिकारी होते. खात्याचे प्रमुख त्या काळी पिएर बुर्सिको होते.

इजिप्तच्या वकिलातीचा फोन टॅप होत होता. ऐकलेला मजकूर संघीय पोलिसांकडे येत होता आणि तिथून उलरिखमार्फत मेर्सिएकडे पोहोचत होता. द्युबुआंचा मेर्सिएशी स्वतःचाही संपर्क होता. हा व्यवहार एकतर्फी नव्हता. फ्रेंचांकडूनही स्विस पोलिसांना खबरा मिळत होत्या, आणि छोट्या पोलिस खात्याला अशा खबरांची किंमत फार असते. फ्रान्सचं जाळं उत्तर आफ्रिकेपासून पूर्व युरोपपर्यंत पसरलेलं, तर स्विस संघीय पोलिसांकडे मोजकी माणसं. मेर्सिएसारखा माणूस चहाच्या टेबलावर जे सांगून जाईल ते मिळवायला त्यांना एरवी महिनोन् महिने लागले असते.

अशी देवघेव जगातली सगळीच पोलिस खाती करतात, आजही करतात. इथे प्रश्न वेगळा होता. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेत स्विस भूमीवरून परक्या देशासाठी राजकीय किंवा लष्करी हेरगिरी करणं हा गुन्हा आहे. एका परक्या देशाविरुद्ध दुसऱ्या परक्या देशासाठी लष्करी माहिती गोळा करणंही त्यात येतं. तटस्थ देशाने असे कायदे मुद्दाम करून ठेवले होते, म्हणजे दोन भांडणाऱ्यांनी त्याच्या अंगणाचा आखाडा करू नये. हे कायदे अमलात आणण्याची जबाबदारी महाअभियोक्त्याची होती. मेर्सिए जे करत होते त्याबद्दल त्यांच्यावर कारवाई करायची, तर ती कारवाई द्युबुआंनीच सुरू करायला हवी होती.

त्यांनी असं का केलं असावं

पैशासाठी केलं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही, कारण १९५६ च्या शरद ऋतूतलं स्वित्झर्लंडचं वातावरण पाहिलं तर या वागण्याला दुसरीच बैठक दिसते.

सुएझच्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. स्वित्झर्लंडमध्ये शहराशहरांत मोर्चे निघाले, चर्चच्या घंटा वाजवल्या गेल्या, आणि दहा हजारांहून जास्त हंगेरियन निर्वासितांना त्या देशाने सामावून घेतलं. कम्युनिस्टांविरुद्धची चीड घरोघरी पोहोचली होती. नासरने आदल्याच वर्षी पूर्व गोटाकडून शस्त्रं घेतली होती. मग अनेकांच्या मनात साधं गणित तयार झालं: मॉस्कोच्या मागे नासर, नासरच्या मागे अल्जीरियातले बंडखोर. पॅरिस आणि लंडनमधले नेते नासरची तुलना उघडउघड हिटलरशी करत होते आणि १९३८ च्या म्युनिक कराराची, म्हणजे हिटलरपुढे घेतलेल्या नमत्याची, आठवण काढत होते. हिटलरच्या शेजाराला राहिलेल्या पिढीच्या कानावर ही तुलना वाया जाणारी नव्हती.

द्युबुआंच्या बाबतीत आणखी एक धागा होता. फ्रान्समध्ये सत्तेवर समाजवादी होते आणि तेच हे युद्ध चालवत होते. फ्रेंच भाषक, समाजवादी विचारांच्या स्विस माणसाला मोलेंचं सरकार परकं वाटण्याचं कारण नव्हतं. आपण परक्या सत्तेला सामील होतोय, असं त्यांना वाटलंच नसेल. आपल्याच विचाराच्या, आपल्याच भाषेतल्या, एका समान शत्रूशी लढणाऱ्या माणसांना मदत करतोय, असं वाटलं असेल. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात चिंता वाटायला लावणारी गोष्ट हीच आहे. लाचखोर अधिकारी सापडतो, त्याच्या बँक खात्यावर खुणा राहतात. मनापासून एका बाजूचा झालेला अधिकारी आपलं काम चोख करतोय असंच समजत असतो, आणि त्याच्या वरिष्ठांनाही तसंच दिसतं.

त्याच वेळी, त्याच शहरात

सुएझच्या हल्ल्यानंतर इजिप्तने ब्रिटन आणि फ्रान्सशी संबंध तोडले. अशा वेळी दोन्ही बाजूंना चालेल असा तिसरा देश मध्ये येतो. तो एका देशाच्या नागरिकांची, मालमत्तेची आणि निरोपांची काळजी दुसऱ्या देशात घेतो. मराठी वाचकांना याचं जवळचं उदाहरण गोव्याचं: १९५५ मध्ये भारताचे पोर्तुगालशी संबंध तुटले तेव्हा भारताचं हे काम इजिप्तने केलं आणि पोर्तुगालचं ब्राझीलने. १९७१ च्या युद्धात भारत आणि पाकिस्तान, दोघांचंही हे काम स्वित्झर्लंडने केलं.

१९५६ च्या अखेरीस इजिप्तमध्ये फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या हिताचं काम स्वित्झर्लंडने हाती घेतलं. हजारो फ्रेंच आणि ब्रिटिश नागरिक तिथे अडकले होते, त्यांची मालमत्ता जप्त होत होती, त्यांना देश सोडायला सांगितलं जात होतं. त्यांच्यासाठी कैरोत इजिप्शियन अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत होते ते स्विस मुत्सद्दी. इजिप्तने त्यांना दारात उभं राहू दिलं, कारण स्वित्झर्लंड कुणाच्या बाजूचा नाही यावर त्याचा विश्वास होता. परराष्ट्र खात्याचे प्रमुख माक्स पतिपिएर यांनी तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संघीय परिषदेतर्फे, म्हणजे स्विस मंत्रिमंडळातर्फे, बड्या राष्ट्रांना आवाहन केलं होतं की युद्ध वाढण्याआधी स्वित्झर्लंडमध्ये एकत्र बसा.

एकाच देशाच्या दोन कचेऱ्या डोळ्यांसमोर आणा. एका कचेरीतली माणसं फ्रान्सच्या वतीने इजिप्तशी बोलत होती आणि त्यांच्या हातात फक्त विश्वास होता. थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या कचेरीतून इजिप्तच्या वकिलातीचे कान फ्रान्सच्या हवाली होत होते. ही गोष्ट आधी फुटली असती तर कैरोतल्या स्विस मुत्सद्द्यांची काय अवस्था झाली असती? अडकलेल्या फ्रेंच कुटुंबांचं काय झालं असतं? मेर्सिएंच्या कामाचा फटका खुद्द फ्रान्सच्याच माणसांना बसू शकत होता. हेरखात्याच्या हिशेबात या गोष्टींसाठी रकाना नसतो. फोनवर काय ऐकू आलं याची नोंद होते, आणि ते ऐकल्यामुळे काय पणाला लागलं याची नोंद कुणीच करत नाही.

बोभाटा

मार्च १९५७ मध्ये गळतीची कुणकुण वरपर्यंत पोहोचली, चौकशी सुरू झाली आणि वृत्तपत्रांत कुजबुज छापून येऊ लागली. त्याच सुमारास द्युबुआंनी जीव दिला. त्यांच्या मृत्यूने प्रकरण दाबलं जाण्याऐवजी उघड्यावर आलं. महाअभियोक्त्याची आत्महत्या ही कुठल्याही देशात पहिल्या पानाची बातमी असते, आणि तिच्यामागे इजिप्तची वकिलात आणि फ्रेंच हेरखातं आहे म्हटल्यावर जगभरच्या पत्रकारांची नजर बर्नवर खिळली.

उलरिखला अटक झाली, त्याच्यावर खटला चालला आणि शिक्षाही झाली. मेर्सिएंना स्वित्झर्लंड सोडावं लागलं. वकिलातीतले अधिकारी असल्याने त्यांच्यावर खटला भरण्याचा प्रश्नच आला नाही. संघीय परिषदेने चौकशी केली, संसदेत प्रश्नोत्तरं झाली. मृत माणसाच्या माथ्यावर बरंचसं खापर फुटलं आणि जिवंतांमध्ये तुरुंगात गेला तो एक निरीक्षक. १९५८ मध्ये हान्स फ्युर्स्ट नवे महाअभियोक्ता झाले. खातं होतं तसंच राहिलं: पोलिस आणि अभियोग एकाच हातात.

यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. असं सहकार्य करायचं की नाही, हा निर्णय स्विस सरकारने कधी घेतलाच नव्हता. त्यासाठी कुठला करार नव्हता आणि मंत्रिमंडळाचा ठरावही नव्हता. दोन खात्यांतल्या दोन-तीन माणसांची ओळख होती, एवढंच. त्यामुळे सगळं फुटल्यावर सरकारला ‘हे आमचं धोरण होतं’ असं म्हणता येईना, आणि ‘आम्हाला काहीच माहीत नव्हतं’ असं म्हणावं तर आपल्याच पोलिसांवर आपला ताबा नाही अशी कबुली द्यावी लागणार. दोन्हीकडून नाचक्की.

हे दुखणं जुनं आहे, आणि त्याचा एक दाखला आपल्या इतिहासात आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेलिस बंदरात बोटीतून उडी मारली, किनारा गाठला, आणि तिथल्या फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी १९११ मध्ये लवादाने मान्य केलं की फ्रेंच भूमीवरून झालेल्या त्या हस्तांतरात चूक झाली होती, तरीही ब्रिटनवर त्यांना परत करण्याचं बंधन नाही असा निकाल दिला. त्यासाठी लवादाने ज्या गोष्टींचा आधार घेतला, त्यांत लंडनच्या पोलिसांचा आणि फ्रेंच सुरक्षा खात्याचा बोट येण्याआधीच झालेला पत्रव्यवहार होता. आश्रयाचा हक्क हा फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न, आणि तो व्यवहारात दोन पोलिस खात्यांच्या पत्रांनी निकालात काढला. १९५६ च्या बर्नमध्ये तेवढा पत्रव्यवहारही लागला नाही.

मेर्सिए बॉनला जातात

बर्नमधून जावं लागलेल्या माणसाचं त्याच्या खात्याने काय केलं, यावरून ते खातं या सगळ्याकडे कसं पाहत होतं ते कळतं. मेर्सिए पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये गेले. १९५७ पासून एसडीईसीईचे प्रमुख होते जनरल पॉल ग्रोसँ. पुढच्या तीन-चार वर्षांत जर्मनीत जे घडलं त्याच्या जर्मन वृत्तपत्रांतल्या बातम्यांत मेर्सिएंचं नाव पुन्हा आलं.

‘लाल हात’ नावाची एक गूढ संघटना एफएलएनच्या माणसांवर आणि त्यांना शस्त्रं विकणाऱ्यांवर हल्ले करत होती. हे नाव उत्तर आफ्रिकेतून आलेलं. १९५२ मध्ये ट्युनिशियाचे कामगार नेते फरहात हाशेद यांच्या खुनामागेही तेच घेतलं गेलं होतं. हँबुर्गचा शस्त्रव्यापारी ओटो श्ल्युटर याच्या कचेरीत सप्टेंबर १९५६ मध्ये स्फोट झाला आणि त्याचा भागीदार मेला. जून १९५७ मध्ये श्ल्युटरच्या गाडीत बॉम्ब फुटला, तो वाचला, त्याची आई गेली. ऑक्टोबर १९५८ मध्ये हँबुर्ग बंदरात ‘अॅटलस’ या मालवाहू जहाजावर स्फोट झाला. ५ नोव्हेंबर १९५८ रोजी एफएलएनचे जर्मनीतले प्रतिनिधी अमेझियान आइत आहसेन यांच्यावर बॉनजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. त्या जखमांनी ते पुढच्या वसंतात दगावले. ३ मार्च १९५९ रोजी फ्रँकफुर्टमध्ये गेऑर्ग पुखर्ट या शस्त्रपुरवठादाराच्या मर्सिडीजखाली लावलेला बॉम्ब उडाला. त्यात स्फोटकांबरोबर पोलादी छर्रे भरलेले होते.

यातल्या एकाही हल्ल्यासाठी जर्मनीत कुणाला शिक्षा झाली नाही. फ्रँकफुर्टच्या सरकारी वकिलांनी १९५९ मध्ये ‘लाल हात’ला जाहीरपणे जबाबदार धरलं, पण तपास पुढे सरकला नाही. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडनाओर आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांची मैत्री नुकतीच बहरत होती. बॉनला पॅरिस दुखवायचं नव्हतं. आणि गंमत अशी नाही तर गुंता असा, की बॉनला अरब देशही दुखवायचे नव्हते, कारण त्यांनी पूर्व जर्मनीला मान्यता देऊ नये ही त्याची मोठी चिंता होती. म्हणून राइनहार्ड गेलेन प्रमुख असलेल्या जर्मन हेरखात्याने, बीएनडीने, दोन्ही दोर धरून ठेवले. एकीकडे फ्रेंचांशी सहकार्य, दुसरीकडे ट्युनिसमध्ये रिशार्ड क्रिस्टमान हा त्यांचा माणूस एफएलएनशी संबंध राखून होता.

‘लाल हात’ ही रागावलेल्या वसाहतवाल्यांची टोळी नव्हती, फ्रेंच राज्ययंत्रणेनेच आपल्या कारवायांवर ओढलेला तो पडदा होता, हे पुढे कॉन्स्तान्तँ मेलनिक यांनी स्वतः सांगितलं. १९५९ ते १९६२ या काळात पंतप्रधान मिशेल देब्रे यांच्या कार्यालयात हेरखात्यांचं काम तेच पाहत होते.

स्वित्झर्लंडही यातून सुटला नाही. १९ सप्टेंबर १९५७ रोजी, म्हणजे द्युबुआ गेल्यावर सहा महिन्यांच्या आत, जिनिव्हात मार्सेल लेओपोल्ड या शस्त्रव्यापाऱ्याला मारलं गेलं. त्याच्या मानेत नळीतून सोडलेला विषारी बाण घुसला होता. ऑक्टोबर १९६० मध्ये कॅमेरूनचे स्वातंत्र्यनेते फेलिक्स मुमिए जिनिव्हाच्या जुन्या भागातल्या एका उपाहारगृहात एका वयस्कर पत्रकाराबरोबर जेवायला बसले. तो पत्रकार म्हणजे विल्यम बेश्टेल, एसडीईसीईसाठी काम करणारा माणूस. मुमिएंच्या पेयात थॅलियम मिसळलं होतं. त्याचा परिणाम हळूहळू व्हावा आणि मृत्यू आफ्रिकेत परतल्यावर यावा, असा बेत होता. पण लक्षणं जिनिव्हातच दिसली, डॉक्टरांनी विष ओळखलं, आणि ३ नोव्हेंबरला ते तिथेच वारले. बेश्टेल १९७४ मध्ये बेल्जियममध्ये सापडला, स्वित्झर्लंडच्या ताब्यात आला, आणि १९८० मध्ये खटला न चालताच सुटला.

इजिप्तच्या वकिलातीचा फोन ऐकणं आणि जेवणात विष घालणं यांत मोठं अंतर आहे, आणि द्युबुआंना त्या दुसऱ्या गोष्टींसाठी जबाबदार धरणं अन्याय होईल. पण दोन्हींचा रस्ता एकच होता. आपल्या भूमीवर मित्रदेशाच्या हेराला मोकळीक आहे, हे एकदा कळलं की तो हेर किती पुढे जाईल हे यजमान ठरवत नाही.

दुसरा रस्ता

त्याच स्वित्झर्लंडने चार वर्षांनी याच युद्धात अगदी वेगळी भूमिका बजावली. त्याशिवाय या प्रकरणाचा अभ्यास अर्धाच राहील.

१९६० च्या अखेरीस एफएलएनचे तय्यब बुलाहरूफ यांनी स्विस मुत्सद्दी ओलिविए लाँग यांच्याशी संपर्क साधला. लाँग आणि फ्रान्सचे अल्जीरिया मंत्री लुई जॉक्स यांची जुनी ओळख होती. लाँगनी पतिपिएर यांना विचारलं. पतिपिएर तेच, १९५६ मध्ये परराष्ट्र खातं सांभाळणारे. त्यांनी होकार दिला आणि मर्यादा घालून दिली: स्वित्झर्लंड निरोप पोहोचवेल, जागा देईल, सुरक्षितता देईल, वाटाघाटींत तोंड घालणार नाही. २० फेब्रुवारी १९६१ रोजी लुत्सर्नच्या एका हॉटेलात गुप्त बैठक झाली. फ्रान्सतर्फे जॉर्ज पाँपिदू आणि ब्रूनो द लस, एफएलएनतर्फे अहमद बुमेंजेल आणि बुलाहरूफ. पुढची भेट नशातेलला झाली.

मे १९६१ मध्ये एव्हियाँला अधिकृत बोलणी सुरू झाली. एव्हियाँ जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच काठावर. एफएलएनचं शिष्टमंडळ मात्र फ्रान्समध्ये मुक्काम करायला तयार नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते शत्रूच्या घरी झोपणं झालं असतं. आणि भीती काल्पनिक नव्हती: बोलणी ठरल्यावर, ३१ मार्चला, एव्हियाँचे महापौर कामीय ब्लाँ यांना बॉम्बने ठार मारलं गेलं होतं. म्हणून शिष्टमंडळ जिनिव्हाजवळच्या एका बंगल्यात उतरलं, स्विस सैन्याच्या पहाऱ्यात, आणि रोज हेलिकॉप्टरने सरोवर ओलांडून बोलणी करायला जाऊ लागलं. १९६२ च्या शेवटच्या फेरीत मुक्काम सरोवरावरच्या उंचवट्यावर, बूजीला होता. १८ मार्च १९६२ रोजी करारावर सह्या झाल्या, दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली, आणि जुलैत अल्जीरिया स्वतंत्र झाला.

बाहेरून पाहिलं तर लाँग यांचं काम द्युबुआंइतकंच गुप्त होतं. वृत्तपत्रांना पत्ता नव्हता, संसदेला पत्ता नव्हता, हॉटेलं खोट्या निमित्तांनी घेतली जात होती. फरक गुप्ततेत नव्हताच. लाँग जे करत होते ते जबाबदार मंत्र्याला ठाऊक होतं, त्याने त्याची हद्द आखून दिली होती, आणि दोन्ही बाजूंना ठाऊक होतं की स्वित्झर्लंड दोघांसाठीही तेच करतोय. लुत्सर्नची गोष्ट मधेच फुटली असती तर बोलणी लांबली असती, पण बर्न सरकारला मान खाली घालावी लागली नसती. द्युबुआंच्या बाबतीत असं काहीच नव्हतं. मंत्र्याला सांगता येईल असा एकही टप्पा त्यात नव्हता, आणि बहुधा म्हणूनच तो सांगितला गेला नाही.

इतकं होऊनही एक गोष्ट स्वित्झर्लंडने १९५७ मध्ये दुरुस्त केली नाही. पोलिस आणि अभियोग एका हातात ठेवणारी रचना तशीच चालू राहिली. तीन दशकांनी, १९८९ मध्ये, संसदीय चौकशीत बाहेर आलं की याच कचेरीने सुमारे ९ लाख नोंदपत्रं जमवून ठेवली होती, आणि त्यांत हजारो साध्या नागरिकांची नावं होती: संघटनांचे कार्यकर्ते, परदेशातून आलेले कामगार, सभेला गेलेले लोक. देशाची लोकसंख्या तेव्हा सत्तर लाखांच्या आत होती. लोक चिडून बर्नच्या रस्त्यांवर आले. त्यानंतरच संघीय पोलिसांना महाअभियोक्त्यापासून वेगळं करण्याची प्रक्रिया सुरू झाली.